पीडीएफ फिरते आहे. पण हक्क नक्की कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका कथालेखिकेचा २००९ साली निघालेला कथासंग्रह गेली काही वर्षे बाजारात मिळत नाही. त्याची संपूर्ण पीडीएफ एका टेलिग्राम चॅनेलवर आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये फिरते आहे. त्यातली एक कथा कुणीतरी यूट्यूबवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून टाकली आहे. दुसऱ्या प्रकाशकाने २०१८ मध्ये काढलेल्या त्यांच्या संग्रहाची प्रतही त्याच चॅनेलवर आहे. चॅनेल चालवणाऱ्याचे म्हणणे असे की, ‘आम्ही पैसे घेत नाही, मराठीची सेवा करतो, आणि जुनी पुस्तके सगळ्यांचीच असतात.’ पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे, आणि तुमच्याकडे कॉपीराइटची नोंदणी तरी कुठे आहे?’ असे सांगून परत पाठवले. आता काय करावे, असे त्या विचारतात. त्यांनी करारनाम्याची छायाप्रत, ती पीडीएफ आणि चॅनेलचे स्क्रीनशॉट सोबत पाठवले आहेत, म्हणून उत्तर जरा नेमके देता येईल.

गेली एकवीस वर्षे मी पुण्यात प्रामुख्याने कॉपीराइटच्याच बाबी हाताळते आहे. अशा प्रसंगी येणारा जवळजवळ प्रत्येक लेखक पहिल्या वाक्यातच ‘नोटीस पाठवा’ म्हणतो, आणि मी आधी करारनामा मागते. याला कारण माझी स्वतःचीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका लेखकाच्या सांगण्यावरून मी एका व्हिडिओविरुद्ध तक्रार केली आणि तो उतरवून घेतला. आठवड्याभरात समोरून प्रतिउत्तर आले, त्यासोबत २०११ चा करारनामा जोडलेला होता, आणि त्यात माझ्या अशिलाने ‘ध्वनी, चित्र व अन्य सर्व माध्यमांतील हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ प्रकाशकाला एकरकमी देऊन टाकले होते. व्हिडिओ त्या प्रकाशकाच्या परवानगीने केलेला होता. तक्रार मागे घ्यावी लागली, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली निराधार धमकीचा दावा समोरच्यांनी केला नाही तो केवळ त्यांच्या सौजन्यामुळे. लेखकाला आपण काय सही करून दिले ते आठवत नव्हते, आणि मी विचारले नव्हते. तेव्हापासून पुस्तक कोणी लिहिले यापेक्षा त्यातला कोणता हक्क आज कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मी आधी सोडवते.

तुमचा २००९ चा करारनामा एका पानाचा आहे. त्यातले कामाचे वाक्य एकच आहे: ‘सदर पुस्तकाच्या प्रकाशनाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.’ वाचताना हे वाक्य फार व्यापक वाटते, आणि तुम्हीही पत्रात ‘सगळे हक्क तर मी देऊनच बसले आहे’ असे लिहिले आहे. तसे नाही. हक्क किती वर्षांसाठी दिले हे त्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ याचे कलम १९ सांगते की हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा, असेही तेच कलम सांगते. म्हणजे प्रकाशकाकडे जे काही गेले होते ते २०१४ मध्येच तुमच्याकडे परत आले. शिवाय ‘प्रकाशनाचे हक्क’ या शब्दांत ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक किंवा अभिवाचन यांचा उल्लेख नाही. करार झाला तेव्हा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला तो स्पष्ट उल्लेखाशिवाय लागू होत नाही, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातली. ती त्याआधीच्या करारांना कितपत लावायची यावर वाद घालता येतो. पण पाच वर्षांची मुदत तुमच्या बाजूने इतकी स्वच्छ आहे की तुम्हाला त्या वादात शिरण्याची गरजच नाही. पहिल्या संग्रहातील मजकुराच्या तुम्ही आज पूर्ण मालक आहात. मुखपृष्ठाच्या मात्र नाही. ते चित्र प्रकाशकाने मोबदला देऊन करून घेतले असेल तर त्याचा हक्क बहुधा त्याच्याकडे असेल, एवढे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येईल.

२०१८ च्या संग्रहाचे चित्र अगदी उलटे आहे. तो करार सहा पानांचा आहे, त्यात ‘मुद्रित, अंकीय व श्राव्य’ असे तिन्ही शब्द आहेत आणि मुदत वीस वर्षांची आहे. त्या पुस्तकाच्या बाबतीत तक्रार करण्याचा पहिला अधिकार प्रकाशकाचा आहे, आणि तुम्ही त्याला लेखी कळवून कारवाई करायला सांगावे. तुमच्या हातात तिथे उरते ते कलम ५७, म्हणजे लेखकाचे विशेष हक्क: आपले नाव लावून घेण्याचा हक्क, आणि मजकुराची आपल्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क. हे हक्क बाकी सगळे देऊन टाकल्यावरही लेखकाकडेच राहतात. कुणी तुमचे नाव काढून कथा पुढे पाठवली तर कलम ५७ कामाला येईल. जशीच्या तशी पीडीएफ फिरते आहे तिथे त्याचा फारसा उपयोग नाही.

दिवाळी अंकांबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे, पण तो मुद्दा मोठा आहे. यूट्यूबवर वाचलेली कथा आधी एका दिवाळी अंकात आली होती आणि तिचे मानधन तुम्हाला मिळाले होते, म्हणून ती अंकाची झाली, असा वाचणाऱ्याचा दावा दिसतो. मासिकाच्या नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराला वेगळा नियम आहे. बाहेरून कथा पाठवणाऱ्या लेखकाचा हक्क मात्र मानधनाच्या धनादेशाने जात नाही. तो जाण्यासाठी सही केलेला लेखी करार लागतो. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि त्यातला बहुतेक व्यवहार पोस्टकार्डावर, फोनवर आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर होत आला आहे. सहीचा कागद नसणे ही एरवी आपल्या लेखकांची मोठी अडचण असते. इथे तीच तुमच्या कामी येते.

आता चॅनेलवाल्याच्या तीन सबबी पाहू. ‘जुनी पुस्तके सगळ्यांचीच असतात’ हे अर्धसत्य आहे. भारतात साहित्यकृतीवरचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. मरणोत्तर प्रकाशनात ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१३ च्या आरंभी मुक्त झाली. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांचे पुस्तक स्कॅन करून वाटणाऱ्याला १ जानेवारी २०६१ पर्यंत थांबावे लागेल. (ही मुदत १९९१ च्या अखेरपर्यंत ५० वर्षांची होती, रवींद्रनाथांचे लेखन मुक्त होण्याच्या सुमारास ती दहा वर्षांनी वाढवली गेली.) मुक्त झालेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा ज्याच्या त्याच्या असतात, हेही चॅनेलवाले विसरतात. तुम्ही हयात आहात, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही चर्चा उद्भवतच नाही. बाजारात न मिळणे आणि कॉपीराइट संपणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

‘पैसे घेत नाही’ ही सबब निदान कायद्याच्या मजकुरात सापडते, पण चॅनेलवाला समजतो तिथे नव्हे. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. भंग व्यापारातील फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. म्हणजे फुकट वाटण्याने शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा नाहीसा होत नाही. तिसरी सबब सेवेची. तिच्यावर मी काही लिहीत नाही, कारण ती ज्याच्या मालाने केली जाते त्याला कुणी विचारलेले नसते.

पोलीस ठाण्यात तुम्हाला जे सांगितले गेले ते दोन्ही अंगांनी चूक होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून घेता येणारा) आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले आहे. नोंदणीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१२ चा एक निकाल ‘नोंदणी हवीच’ असे सांगणारा होता, आणि त्याने आपल्याकडच्या लेखकांचे बरेच नुकसान केले. पण २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संजय सोया प्रकरणात नोंदणी बंधनकारक नसल्याचे सविस्तर कारणांसह सांगितले. कॉपीराइट लिहिता क्षणी जन्मतो. छापील प्रतीवर तुमचे नाव लेखिका म्हणून असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत तुम्हीच लेखिका, असे कलम ५५ मानते, म्हणून पहिल्या आवृत्तीची एक प्रत जपून ठेवा. तरीही मी नोंदणी करून घ्यायला सांगेन. साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि प्रमाणपत्र हा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. ठाणे अंमलदारापुढे तो कागद निकालपत्रापेक्षा लवकर काम करतो. इतके करूनही तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयाकडे पाठवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर दोन आठवडे ऐकण्याची तयारी ठेवा. माझा अनुभव असा की फौजदारी वाट शेवटची ठेवावी. पुस्तकाची पीडीएफ ही पोलिसांच्या कामाच्या यादीत फार खाली असते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही ती तिथेच ठेवली असती.

आता पुरावा. तुम्ही पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली, आणि तिसऱ्या पानावर एका सार्वजनिक ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्का आणि हाताने लिहिलेला दाखल क्रमांक अगदी स्पष्ट दिसतो. पान ४७ च्या डाव्या कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचे टोक आले आहे, आणि पानांच्या तळाशी कॅमस्कॅनरचा छाप आहे. त्या अ‍ॅपवर जून २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली, त्यामुळे स्कॅन त्याआधीचे असावे असे वाटते. पण फोनमध्ये जुने अ‍ॅप ठेवणारे पुष्कळ असतात, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. शिक्का आणि दाखल क्रमांक यांचे वजन अधिक आहे, कारण ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत ते पुस्तक कोणी कधी नेले हे असू शकते. ग्रंथपालांना नोटीस पाठवू नका. साधे, सभ्य पत्र लिहा. दोष ग्रंथालयाचा नसतो, आणि घाबरलेला माणूस नोंदवही दाखवत नाही.

स्क्रीनशॉट न्यायालयात तसेच चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे, आणि त्यानुसार दोन भागांचे प्रमाणपत्र लागते: एक भाग ज्याच्या उपकरणातून पुरावा घेतला त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा समजा. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो ठसा बदलतो. म्हणून ती पीडीएफ आत्ता आहे तशी एका पेन ड्राइव्हवर ठेवा, तिला नवे नाव देऊन किंवा पाने फिरवून पुन्हा जतन करू नका. चॅनेलचा पूर्ण पत्ता, संदेशाचा स्वतंत्र दुवा, सदस्यसंख्या, दिनांक आणि वेळ एकाच चौकटीत दिसतील असे चित्र घ्या. तुमच्या सातपैकी पाच स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी कापली गेली आहे. ते पुन्हा काढावे लागतील, आणि तेही पहिली तक्रार जाण्याआधी, कारण नंतर तिथे काही उरत नाही.

तक्रार कुठे आणि कशी, ते पाहू. टेलिग्रामच्या सार्वजनिक चॅनेलविरुद्ध कंपनीकडे कॉपीराइट तक्रार करता येते. तीत ‘माझी सर्व पुस्तके काढा’ असे मोघम लिहू नका. मायस्पेस प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे की मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या अशा कंपनीला, नेमक्या मजकुराची माहिती द्यावी लागते. प्रत्येक फाइलचा स्वतंत्र दुवा द्या. कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ खाली लेखी तक्रार केली तर मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण त्याच नियमात तुम्ही २१ दिवसांत दावा दाखल कराल असे हमीपत्र मागितले आहे, आणि तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर मजकूर पुन्हा सुरू करण्याची त्यांना मुभा आहे. हे हमीपत्र न वाचता सही करणारे लेखक मी पाहिले आहेत. दाव्याची तयारी नसेल तर कंपनीच्या स्वतःच्या तक्रार पद्धतीने जावे. तिच्यात हे बंधन नसते.

फाइल गूगल ड्राइव्हवर असेल किंवा शोधात येत असेल तर तिथली तक्रार साधारणपणे लवकर निकाली निघते. एक सावधगिरी: अशा तक्रारींची प्रत अपलोड करणाऱ्याला जाऊ शकते आणि लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहातही ठेवली जाते. घरचा पत्ता आणि रोजचा फोन क्रमांक त्यात घालू नका.

टेलिग्रामवर एक चॅनेल बंद झाला की दुसरा उघडतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वर टाचून ठेवलेला ‘बॅकअप चॅनेल जॉइन करा’ हा संदेश त्यासाठीच आहे. इथे दिल्ली उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम हा आदेश उपयोगी पडतो. स्पर्धा परीक्षांचे अभ्याससाहित्य पुन्हापुन्हा नव्या चॅनेलवर येत होते. आपले सर्व्हर सिंगापूरला आहेत आणि तिथला गोपनीयतेचा कायदा आड येतो, असे कंपनीने सांगितले. न्यायालयाने ते अमान्य करून चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, आयपी पत्ते आणि ईमेल देण्याचा आदेश दिला, आणि कंपनीने ती माहिती बंद लिफाफ्यात दिली. म्हणजे अनोळखी प्रतिवादीविरुद्ध, ज्याला आपण न्यायालयात ‘अशोक कुमार’ म्हणतो, दावा लावून नाव मिळवता येते. कलम ६२ मुळे हा दावा तुम्ही राहता त्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, दिल्लीला जावे लागत नाही. दाव्याचे मूल्य तीन लाखांच्या वर धरले तर तो वाणिज्यिक दावा होतो, आणि तातडीची मनाई मागितलेली नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मी अपेक्षा ठेवू नका असेच सांगेन. संदेश कंपनीलाही दिसत नाहीत. पहिला पाठवणारा शोधून देण्याची जी तरतूद २०२१ च्या नियमांत आहे ती देशाची सुरक्षा, लैंगिक अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांपुरती आहे, पुस्तकांसाठी नाही. गटाच्या अ‍ॅडमिनला धरावे, असे तुम्ही सुचवले आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. ते प्रकरण कॉपीराइटचे नव्हते, पण युक्तिवाद तोच येईल. अ‍ॅडमिनने स्वतः फाइल टाकली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर गटात स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहा, की पुस्तक माझे आहे आणि कृपया पुढे पाठवू नका. मराठी वाचकांच्या गटांत याचा परिणाम वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त होताना मी पाहिला आहे.

यूट्यूबवरचे अभिवाचन मी वेगळे ठेवते. प्रसिद्ध साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची मुभा आहे. सव्वीस मिनिटांची अख्खी कथा हा उतारा नव्हे. खाली ‘सौजन्य’ म्हणून तुमचे नाव लिहिले आहे, पण नाव लिहिणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. कॉपीराइटची तक्रार केलीत तर चॅनेलला स्ट्राइक (यूट्यूबची ताकीद) लागतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जाऊ शकतो. तक्रारीच्या अर्जात सात दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो. त्या काळात त्याने स्वतः व्हिडिओ काढला तर स्ट्राइक लागत नाही. मी तो पर्याय निवडेन, आणि त्याच्याही आधी एक पत्र लिहीन. वाचणारा मुलगा वाचतो चांगले, हे मी ऐकून सांगते. त्या एका कथेसाठी, ठरावीक मुदतीचा, लेखी परवाना आणि थोडे मानधन असा व्यवहार होऊ शकतो, आणि परवान्याच्या त्या कागदाने तुमचा हक्क त्यानेच मान्य केल्यासारखे होते.

शेवटी क्रमाविषयी. नोंदणीचा अर्ज आणि नवे स्क्रीनशॉट या आठवड्यात करा. प्रकाशकाला पत्र लिहून २००९ च्या करारातील हक्क मुदत संपल्याने आपल्याकडे परत आल्याचे कळवा आणि पोच घ्या. ती पोच पुढच्या प्रत्येक तक्रारीला जोडायची आहे. त्यानंतर, टेलिग्रामला तक्रार करण्याआधी, पहिला संग्रह ई-पुस्तक म्हणून स्वतः उपलब्ध करा. मजकूर नव्याने टंकून घ्या आणि मुखपृष्ठ नवे करा, कारण जुने तुमचे नाही. तुमच्या चौथ्या स्क्रीनशॉटमध्ये फाइलखाली दोघांनी ‘छापील प्रत कुठे मिळेल?’ असे विचारले आहे आणि चॅनेलवाल्याने ‘कुठेच नाही’ असे उत्तर दिले आहे. तक्रार जाईल त्या दिवशी ते उत्तर खोटे ठरलेले असावे, आणि विक्रीचा दुवा तक्रारीतच लिहिलेला असावा.